शांत खोलीत हललेला आकडा

रम्या घाटगे सेन्सरजवळ वाकली की आकडा वाढायचा, आणि ती मागे सरली की खाली यायचा. सुरुवातीला कुणाला त्याचं काही वाटलं नाही. त्या प्रयोगशाळेत असं अधूनमधून व्हायचं आणि शेवटी कुणाच्या तरी खिशात विसरलेली किल्ली निघायची.

प्रयोगशाळा बेंगळूरबाहेर निलगिरीच्या झाडीत होती. गावापासून इतकी लांब बांधली, कारण तिथं जी यंत्रं तपासली जात त्यांना रस्त्यावरून गेलेली बससुद्धा कळायची. सूर्य आणि ग्रह यांच्यामधल्या पोकळीत चुंबकीय क्षेत्र असतं, पण ते फार क्षीण. आपण बेंगळूरच्या रस्त्यावर उभे असतो तिथलं पृथ्वीचं क्षेत्र त्याच्या हजारो पट भरेल. ते मोजायला यान पाठवायचं, तर यानातल्या मोटारी, तारा, बॅटऱ्या यांचं स्वतःचं चुंबकत्व मोजमापात मिसळतं. म्हणून सेन्सर यानाच्या अंगावर न ठेवता लांब दांड्याच्या टोकाला बसवतात, आणि यानात जाणारा प्रत्येक स्क्रू आधी तपासून घेतात. हे तपासणं जिथं चालायचं ती खास मिश्रधातूच्या पत्र्यांनी चहूबाजूंनी मढवलेली खोली. बाहेरचं चुंबकत्व तिच्यात जवळजवळ पोचत नसे. सगळे तिला शांत खोली म्हणत.

रम्याचं काम त्या खोलीच्या बाहेर, पडद्यासमोर. सेन्सर जे सांगतो त्यातलं खरं किती आणि यानाच्या अंगचं किती, हे वेगळं काढायचं. नोकरीला लागले तेव्हा माझे केस काळे होते, असं ती स्वतःच हसत सांगायची. इतकी वर्षं झाली तरी आत जाऊन पाना फिरवायची वेळ तिच्यावर आली नव्हती. ते काम सुशांतचं. सुशांत पुण्याचा, बोलका आणि हाताचा स्थिर. पण त्या आठवड्यात तो सोसायटीच्या जिन्यावर घसरला आणि मनगट प्लास्टरमध्ये गेलं. यान रवाना व्हायची तारीख काही त्याच्या मनगटासाठी थांबणार नव्हती. तेव्हा तो बाहेर पडद्यासमोर बसला आणि रम्या आत गेली.

"रम्या, अंगावर काही मेटल राहिलंय का तुझ्या?" त्याचा आवाज स्पीकरवरून आला. "तीन नॅनोटेस्लाचा जंप दिसतोय."

"नाही. सगळं काढून आलेय."

"मागे हो जरा. गेला बघ. आता परत वाक. आला."

नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक, आणि तीन म्हणजे एरवी काहीच नाही. पण यान जिथं जाणार होतं तिथलं सगळं क्षेत्रच साधारण याच्या दुप्पट. एवढी गडबड चालण्यासारखी नव्हती.

आर्या नावाची नागपूरची तरुण इंजिनिअर त्यांच्या गटात होती. ती रम्याला कपडे बदलायच्या खोलीत घेऊन गेली. कानातलं, चष्मा, आतल्या कपड्यांचे हुक, सगळं निघालं. रम्यानं सुती गाऊन घातला आणि अनवाणी उभी राहिली. यानाचा एखादा सुटा भाग तपासावा तसा आर्यानं हातातला छोटा सेन्सर तिच्या पावलांपासून वर वर नेला. पाय, कंबर, खांदे, काही नाही. डोक्याशी आल्यावर मात्र आकडा उडाला.

"मॅडम, तुमचं डोकं मॅग्नेटिक आहे," आर्या म्हणाली आणि दोघी हसल्या.

मग रम्याला आठवलं, रविवारी तिनं केसांना मेंदी लावली होती, आणि ती भिजवली होती अम्माच्या लोखंडी कढईत. झालं, कारण सापडलं. सुशांतनं तर दिवसभर तिची थट्टा केली. शनिवार-रविवारी रम्यानं शिकेकाई लावून केस धू धू धुतले.

सोमवारी आकडा होता तिथंच होता.

या वेळी आर्या हसली नाही. तिनं सेन्सर डोक्याभोवती सावकाश फिरवला, थांबली, पुन्हा फिरवला. मग बोट टेकवलं. "मॅडम, इथं. टाळूच्या जरा डावीकडे. केसांत असतं तर सगळीकडे दिसलं असतं. हे एकाच जागी आहे."

रम्यानं आपलं बोट तिथं नेऊन दाबलं. काही लागलं नाही, काही दुखलं नाही.

"तुम्ही एक्स-रे काढून घ्या," आर्या म्हणाली.

उपेंद्र हा रम्याचा शाळेपासूनचा मित्र. घरी मराठी बोलणारा, तिच्यासारखाच पिढ्यान्‌पिढ्या बेंगळूरचा. जयनगरात त्याचं एक्स-रे आणि स्कॅनचं सेंटर होतं. रम्यानं त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अंतराळयानाच्या यंत्रानं पेशंट पाठवलाय, हे पहिल्यांदाच होतंय माझ्याकडे." समोरून एक फोटो निघाला. उपेंद्रनं काचेपलीकडून सांगितलं, "पिन काढायची राहिलीये बघ केसांतली."

"पिन नाहीये, उपेंद्र."

टेक्निशियन बाईंनी तिचे केस दोन्ही हातांनी विंचरल्यासारखे चाचपले आणि नकारार्थी मान हलवली. मग बाजूनं फोटो घेतला.

तो पडद्यावर आल्यावर उपेंद्र खुर्चीवरून उठला. टेक्निशियन बाईंना त्यानं बाहेर जायला सांगितलं, दार लावलं आणि रम्यासाठी खुर्ची ओढली. पडद्यावर तिची कवटी होती, आणि कवटीच्या आत, टाळूच्या हाडाखालून तिरपी खाली गेलेली एक सुई. शिवणाची. वरच्या टोकाला नेढंसुद्धा दिसत होतं.

रम्या त्या चित्राकडे दुसऱ्या कुणाचं असल्यासारखी बघत राहिली. चित्राच्या कोपऱ्यात आपलं नाव आहे हे तिनं वाचलं, आणि तरी ते पुन्हा एकदा वाचलं.

"डोक्याचं कधी ऑपरेशन? अपघात?" उपेंद्रनं विचारलं.

"नाही."

"फिट आली होती कधी?"

"डोकं दुखायचं शाळेत असताना. चष्मा लागला म्हणून दुखतं म्हणायचे."

"एमआरआय केलाय कधी?"

"नाही. मागे मान धरली होती तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिला होता. गेले तर त्यांचं मशीन बंद होतं. मग मानच बरी झाली आणि राहून गेलं."

उपेंद्रनं हातातलं पेन टेबलावर ठेवलं. एमआरआयच्या मशीनचं चुंबक केवढं असतं आणि ते लोखंडी सुईचं काय करतं, हे या शहरात ज्यांना नीट ठाऊक होतं त्यांच्यात रम्या होती. तिनं मनातल्या मनात गणित मांडलं आणि अर्ध्यावर सोडून दिलं.

"ही आत गेली कशी?" तिनं विचारलं.

"मोठ्या माणसाच्या कवटीतून सुई जात नाही. वाकेल, मोडेल. ही सरळ आहे." पुढचं बोलणं त्याला जड जात होतं. "तान्ह्या मुलाची टाळू मऊ असते, रम्या. ती भरायच्या आधीचं आहे हे. तू काही महिन्यांची असशील, फार तर दीड वर्षाची. मी असं पुस्तकात वाचलंय. समोर आज पाहतोय."

"मीच कुठं लोळले असेन जमिनीवर. आमच्या घरी सुया पडलेल्याच असायच्या."

ती त्याच्याकडे बघत होती म्हणून त्याला बोलावं लागलं. "अशी नाही जात लोळून. वरून, सरळ. कुणीतरी..."

त्यानं एक्स-रेची फिल्म लिफाफ्यात घालून तिच्यापुढं ठेवली.

ती रिक्षात बसली तेव्हा दुपार होती. बसवनगुडीत घरासमोर रिक्षा थांबली तरी ती बसूनच होती. रिक्षावाला दोनदा "अक्का, इळीरी" म्हणाला तेव्हा उतरायचं आहे हे तिच्या लक्षात आलं.

घरी अम्मा, म्हणजे तिची आई सकवारबाई, ओट्याजवळ बसून भिजवलेले अवरेकाळू, म्हणजे पावटे, सोलत होती. बोटांत दाणा धरून दाबायचा, साल हातात राहते आणि दाणा उडून भांड्यात पडतो. रम्यानं लग्न केलं नव्हतं. धाकटा भाऊ विराट नोकरीसाठी परदेशी गेल्यापासून घरात ही तिघंच होती. अम्मा, अण्णा म्हणजे वडील, आणि ती. बाहेर सगळं कानडीत चालायचं, घरात मराठी, आणि अम्माच्या मराठीत निम्मं कानडी.

"पुट्टी, लवकर आलीस?" अम्मा म्हणाली. चाळिशी ओलांडलेल्या मुलीला ती अजून पुट्टी, म्हणजे छकुली म्हणायची. तिनं रम्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "डोकं दुखतंय काय? बस इथं. तेल लावते स्वल्प."

रम्यानं पिशवी बाजूला ठेवली. ती अम्माच्या पुढ्यात पाटावर बसली. अम्मानं वाटीतलं तेल टाळूवर घातलं आणि बोटांनी जिरवायला लागली. तिची बोटं त्या जागेवरून जात होती, येत होती. रम्या डोळे मिटून, कोण असेल, याचा विचार करत होती. कामाला येणारी बाई? शेजारचं कुणी? अण्णांची थोरली बहीण, आत्ती, तेव्हा घरातच राहायची. पहिली मुलगीच झाली म्हणून तिनं नाक मुरडलं होतं असं सगळे सांगायचे. आत्तीला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. हे अम्माला कळलं तर ती मोडून पडेल, एवढंच रम्याच्या मनात पुनःपुन्हा येत होतं.

म्हणून ती दुसऱ्या दिवशी अण्णांकडे गेली.

अण्णांचं, म्हणजे हंबीरराव घाटगे यांचं, चिकपेट बाजाराच्या एका बोळात बटणं, लेस, दोरे, हुक, सुया यांचं दुकान होतं. पूर्वज कधीकाळी मराठ्यांच्या स्वारीबरोबर या मुलखात आले आणि इथलेच झाले, एवढंच त्यांना माहीत. वय झालं तरी ते रोज सकाळी पांढरा सदरा घालून मेट्रोनं दुकानात यायचे. रम्या गर्दीतून वाट काढत पोचली तेव्हा ते एका शिंप्याला चंदेरी लेस मोजून देत होते. शिंपी गेल्यावर तिनं पिशवीतून फिल्म काढली.

अण्णांनी ती ट्यूबलाइटसमोर धरली. काय बघायचं आहे ते त्यांना आधी कळलं नाही. रम्यानं बोट दाखवलं. मग कळलं. त्यांनी फिल्म खाली केली, पुन्हा वर धरली, आणि मागे न बघता स्टुलावर बसायला गेले. रम्यानं दंडाला धरलं नसतं तर ते खाली पडले असते.

"हे तुझं आहे?"

"माझं आहे, अण्णा."

उपेंद्रनं सांगितलेलं सगळं तिनं सांगितलं. ते ऐकत होते की नाही कळत नव्हतं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"आत्ती होती ना तेव्हा घरात?" रम्या म्हणाली. "तिला मुलगी नको होती. तिनंच..."

अण्णांना हो म्हणणं सोपं होतं. मेलेलं माणूस काही सांगायला येत नाही. पण ते म्हणाले, "आत्तीचं नाव घेऊ नको. तिनं तुला वाढवलं. सहा-सात महिने तूच काय, हे घरच तिनं सांभाळलं."

"सहा-सात महिने? आणि अम्मा कुठं होती?"

"इस्पितळात."

"टायफॉइड झाला होता तेव्हा?"

"टायफॉइड नव्हता तो," अण्णा म्हणाले.

बाहेरून हातगाड्या जात होत्या, हमाल वाट मागत ओरडत होते. अण्णा इतक्या हळू बोलत होते की रम्याला त्यांच्याजवळ वाकावं लागलं. रम्या झाली आणि अम्माची झोप गेली. पहिल्यांदा वाटलं, मूल रडतं म्हणून. पण मूल झोपलं तरी ती जागीच. खाणं सुटलं. भिंतीकडे बघून बोलायला लागली. मुलीच्या डोक्यात काहीतरी कोंडलंय, ते तिला आतून त्रास देतंय, त्याला वाट करून द्यायला हवी, असं म्हणायची. बाळंतिणीचं मन हळवं असतं, होईल बरं, असं सगळ्यांनी धरलं.

"मला ती हे म्हणाली होती," अण्णा म्हणाले. "मला. मी ऐकलं आणि दुकानात आलो."

एका दुपारी ते घरी गेले तेव्हा रम्या किंचाळून रडत होती आणि सकवारबाई तिला मांडीवर घेऊन शांत बसली होती. कित्येक दिवसांत तिचा चेहरा इतका निवांत दिसला नव्हता. मुलीच्या टोपड्यावर रक्ताचा बारीक ठिपका होता. डास चावला असेल, नाहीतर नख लागलं असेल, असं त्यांनी म्हटलं. मग रम्याला ताप भरला, तो आठवडाभर उतरला नाही. डॉक्टरांनी औषध दिलं, उतरला. त्याच सुमारास सकवारबाईला होसूर रोडवरच्या मनोरुग्णांच्या इस्पितळात नेलं. नातेवाइकांना सांगितलं, टायफॉइड. ती बरी होऊन आली, बरीच वर्षं गोळ्या घेत होती, पुढे विराटच्या वेळी डॉक्टरांनी आधीपासून काळजी घेतली आणि काही झालं नाही.

"सुईचं मला माहीत नव्हतं, रम्या. माहीत असतं तर..."

रम्याला आदल्या दिवशीची बोटं आठवली. टाळूवर फिरणारी, तेल जिरवणारी. ती दुकानाच्या पायरीवर येऊन बसली आणि तिथंच गुडघ्यांत डोकं घालून राहिली. मागे अण्णा शटर ओढत होते. भर बाजाराच्या वेळी त्यांनी दुकान बंद केल्याचं त्या बोळानं कधी पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी ती घरी गेली नाही. टेस्टिंग चालू आहे, येता येणार नाही, असं फोनवर सांगितलं. आर्या सर्जापूर रोडवर एका उंच इमारतीत भाड्यानं राहायची. तिनं जास्त काही न विचारता रम्याला खोली दिली. तिसऱ्या दिवशी रम्यानं स्वतःहून सगळं सांगितलं.

आर्या सुन्न झाली. मग चिडली. "मॅडम, आजारी होत्या वगैरे ठीक आहे. पण हा अटेम्प्ट टु मर्डर आहे. तुम्ही त्यांना विचारणार नाही का?"

"असं बोलू नको," रम्या एकदम म्हणाली, इतक्या कडक आवाजात की तिचं तिलाच नवल वाटलं. "तिला मला मारायचं नव्हतं. तिला वाटलं, मला दुखतंय."

हे आपण आत्ता काय बोललो, हे तिला बोलल्यावर कळलं. तोवर तिनं अम्माची बाजू घेतली नव्हती, विरुद्धही गेली नव्हती. फक्त घरून फोन आला की तिच्या अंगाला घाम फुटायचा आणि ती तो उचलायची नाही.

उपेंद्रनं तिला मेंदूच्या सर्जनकडे नेलं. सीटी स्कॅन झालं. सर्जन वयस्क होते, मोजकं बोलणारे. सुई बसली आहे तिथं बसू द्या, म्हणाले. मेंदूनं तिच्याभोवती आवरण केलंय. काढायला गेलो तर नुकसान होईल, ठेवली तर बहुधा काही होणार नाही. अधूनमधून स्कॅन करायचं. एमआरआय कधीही नाही, जन्मात नाही. त्यांनी तसं एक कार्ड करून दिलं आणि ते कायम पर्समध्ये ठेवायला सांगितलं. निघताना ते म्हणाले, "आश्चर्य सुई आत गेल्याचं नाही. तुम्ही चालत आत आलात, याचं आहे."

आठवड्यानं, रविवारी सकाळी, आर्याच्या दाराची बेल वाजली. दारात अम्मा उभी होती. हातात स्टीलचा डबा, पदर खांद्यावरून घट्ट घेतलेला. एकटी कुठं न जाणारी बाई रम्याच्या ऑफिसात फोन करून पत्ता घेऊन, बसवनगुडीहून दोन बस बदलून, वॉचमनला विचारत विचारत आली होती. आर्यानं तिला आत घेतलं, पाणी दिलं, आणि भाजी आणायच्या निमित्तानं बाहेर निघून गेली.

अम्मानं डबा टेबलावर ठेवला. अनोळखी घर आणि काचेच्या मोठ्या खिडक्या तिनं पाहून घेतल्या.

"अण्णा जेवत नाहीत," ती म्हणाली. "दुकानातल्या सगळ्या सुया बाजूच्या दुकानदाराला देऊन टाकल्या. का म्हणून विचारलं तर बोलत नाहीत. तू घरी येत नाहीस. मला वेड लागलं होतं ते तुला कळलं, होय ना?"

रम्यानं मान डोलावली.

"कधीतरी कळणारच होतं. मीच सांगायचं होतं. पण मग विराट झाला, तुझी शाळा, कॉलेज, आणि सगळं नीट चाललेलं. नीट चाललेलं कोण मोडतं?" अम्मा आपल्या हातांकडे बघत होती. "त्या दिवसांतलं मला काही आठवत नाही, पुट्टी. पाण्याखाली बघितल्यासारखं आहे सगळं. एकच आठवतं. तुला ताप होता, आत्तीनं तुला मांडीवर घेतलं होतं. मी लांबून बघत होते. आणि मला माझ्या हातांची भीती वाटली. का ते माहीत नाही. मी अण्णांना म्हटलं, मला इथून घेऊन जा. मूल इथं राहू दे, मला न्या. ते नाही म्हणत होते. लोक काय म्हणतील म्हणत होते. मी दाराला धरून बसले. घेऊन जाईपर्यंत आत गेले नाही."

अण्णांनी हे सांगितलं नव्हतं. त्यांना आठवत नसेल, किंवा सांगवलं नसेल. रम्या खुर्चीवर बसलेल्या त्या लहानखुऱ्या बाईकडे बघत राहिली. भानावर नसतानाही जिला एवढं कळलं होतं की मुलीला वाचवायचं तर स्वतःला तिच्यापासून लांब न्यायला हवं, ती हीच बाई.

"इस्पितळात फार वाईट होतं काय?" रम्यानं विचारलं.

"वाईट नव्हतं. दूध यायचं, त्याचं वाईट वाटायचं."

मग अम्मानं मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती सरळ बघत होती.

"मी तुला काही केलं होतं काय, पुट्टी? अण्णांनी सुया का दिल्या?"

रम्याची पिशवी बाजूच्या खुर्चीवर होती. फिल्म त्यात होती. आठवडाभर रात्रंदिवस तिनं हाच क्षण मनात फिरवला होता. सांगायचं, दाखवायचं, मग अम्माचा चेहरा बघायचा. आता अम्मा स्वतःच विचारत होती.

"मला ताप आला होता," रम्या म्हणाली. "आठवड्यानं उतरला. अण्णांचं वय झालंय, अम्मा. जुनं आठवलं की त्यांना काही सुचत नाही."

अम्मा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. तिला पटलं का, हे रम्याला तेव्हा कळलं नाही आणि नंतरही कधी कळलं नाही.

"सरी, ठीक आहे," अम्मा म्हणाली. "डब्यात चित्रान्न आहे. त्या मुलीलाही ठेव."

त्याच दुपारी रम्या तिच्याबरोबर बसनं घरी आली. वाटेत गर्दी वाढली तेव्हा अम्मानं तिचा हात धरला आणि उतरेपर्यंत सोडला नाही.

सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. कितीतरी दिवस अम्मानं वाढलेलं ताट पुढं आलं की रम्याचा हात क्षणभर थांबायचा. कधी झोपेत दचकून उठायची आणि टाळू चाचपायची. एकदा अम्मा ब्लाउजला हुक लावत बसली होती, ते पाहून रम्या चपला न घालता अंगणात निघून गेली. अण्णा पुन्हा दुकानात जायला लागले. गिऱ्हाईक सुया मागायचं तेव्हा ते शेजारी बोट दाखवायचे. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला नफा नको झालाय.

शांत खोलीत उरलेलं काम आर्यानं केलं. त्या दिवशीच्या नोंदीत सुशांतनं एवढंच लिहिलं होतं की गडबड माणसामुळे होती, माणूस बदलला. पुढे रम्याकडून त्याला सगळं कळलं, पण त्यानं ते कुणाला सांगितलं नाही, आणि थट्टा तर पुन्हा कधीच केली नाही.

यान गेलं. पृथ्वीची ओढ मागे टाकून ते मोकळ्या पोकळीत पोचायला काही महिने लागले. दुमडून ठेवलेला दांडा उघडायचा त्या दिवशी नियंत्रण कक्षात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. दांडा उघडला की नाही हे डोळ्यांनी दिसणार नव्हतं. सेन्सरच्या आकड्यांवरूनच कळणार होतं. आज्ञा गेली. पडद्यावरची रेघ आधी उंच होती, यानाच्याच चुंबकत्वानं भरलेली. मग ती घसरायला लागली. दांडा एकेक सांधा उलगडत यानापासून लांब जात होता आणि रेघ खाली, आणखी खाली येत होती. शेवटी पाच-सहा नॅनोटेस्लाच्या आसपास येऊन ती थरथरत राहिली. एवढंच आलं होतं सूर्याकडून. सुशांत खुर्चीत मागे रेलला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आर्या रडत होती.

रम्या कॉरिडॉरमध्ये आली आणि तिनं घरी फोन लावला. अम्मानं उचलला.

"उघडला दांडा," रम्या म्हणाली. "आकडे येताहेत."

"म्हणजे चांगलं झालं ना?"

"चांगलं झालं."

"तिथं आहे तरी काय मोजायला? रिकामंच ना सगळं?"

"रिकामं नाही, अम्मा. थोडं असतं."

"बरं. अण्णा विचारतायत, जेवायला येणार काय? ते थांबतो म्हणतायत."

"येते," रम्या म्हणाली. तिनं आत जाऊन पडद्याकडे आणखी एकदा पाहिलं, पर्स खांद्याला लावली आणि जिना उतरायला लागली.